पुण्याला जा म्हणणाऱ्यांनो, एकदा असीरगड चढून या

‘डोंगरात भटकायची एवढी हौस आहे तर पुण्याला जा ना!’ बुऱ्हाणपुरात भूगोलात एम.ए. करताना हा सल्ला मला आठवड्यातून एकदा तरी मिळतो. पुण्याला सिंहगड जवळ आहे, मान्य. पण मला सकाळचं लेक्चर करून दुपारी असीरगडावर जाता येतं. वीसेक किलोमीटर, इंदूर-इच्छापूर रस्त्यालगतच. दोन-सव्वादोन लाख वस्तीच्या आपल्या शहराचं हे सुख कुणी मोजतच नाही.

आणि गड तरी कसला! सातपुड्यातल्या ज्या खिंडीतून उत्तरेच्या फौजा दक्षिणेत उतरायच्या, तिच्यावर नजर ठेवून बसलेला. म्हणून तर दख्खनचा दरवाजा. अकबरालासुद्धा इथे वेढा घालून बसावं लागलं. गड हाती आला तो जानेवारी १६०१ मध्ये. पुढे तो शिंद्यांकडे होता, १८१९ मध्ये इंग्रजांनी कायमचा घेतला. तरी मराठीतली किल्ल्यांची बहुतेक पुस्तकं राज्याची हद्द आली की थांबतात. शिंद्यांचा गड, पण आपल्या यादीत नाही!

माझ्या विषयासाठी तर हा परिसर म्हणजे उघडी प्रयोगशाळा. एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला नर्मदेचं खोरं. शहराजवळचा कुंडी भंडारा बघा. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसरीत, निव्वळ उतारावर शहराकडे आणलंय. मुघल काळातलं काम, पंप नाही की वीज नाही. भूजलाचा धडा मी वर्गात वाचला, पण समजला तिथे.

मग अडचण कुठे आहे? डोंगरात नाही, कागदात आहे. १९५६ पर्यंत बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड राहिला, राजधानी भोपाळ झाली. आज मला इंदूरपेक्षा जळगाव जवळ, घरात मराठी, रावेरला नातेवाईक. पण संशोधनासाठी तिकडे अर्ज केला की मी परराज्यातली. महाराष्ट्राची शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही.

कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना जागा राखून ठेवतात. त्यांच्या पिढ्या या लढ्यात गेल्या, त्यांना त्या मिळायलाच हव्यात. आपली मागणी वेगळी आणि लहान आहे. हद्द बदलू नका, पण सीमेवरच्या विद्यार्थ्याला शेजारच्या विद्यापीठात स्थानिक धरा. बुऱ्हाणपूरच्या पोराला जळगावात, रावेरच्या पोराला बुऱ्हाणपुरात. दोन्ही सरकारांनी मनावर घेतलं तर हे काही अवघड नाही. नाहीतर सल्ला देणारे जिंकतील. आम्ही एकेक करून पुण्या-इंदूरला जाऊ, आणि सातपुड्यावर प्रबंध लिहील तो सातपुडा कधी न चढलेला कुणीतरी.

तोवर आपल्या हातातलं काम करू. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळच्या मित्रमैत्रिणींनो, गड चढा आणि मराठीत लिहा: वाट कशी, पाणी कुठे, तट कुठे ढासळलाय. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, बूट चांगले घाला. मुलींनो, घोळक्याने या आणि परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा; अंधार पडल्यावर रस्त्यावर ताटकळण्यात मजा नाही. पाणी घरूनच भरून आणा, दोन बाटल्या तरी.