काडतूस हातानेच भरावे

परवा नेमबाजीच्या एका शिबिरात चहाच्या वेळी एका जाणकार गृहस्थांनी नव्या मुलांना उपदेश केला. बोल्ट ॲक्शन हे आजोबांच्या काळातले यंत्र. रायफल घ्यायचीच तर सेमी-ऑटोमॅटिक घ्या. कारण काय, तर दर गोळीनंतर हात काढून बोल्ट ओढायचा, काडतूस ठेवायचे, बोल्ट बंद करायचा, यात शरीराची जमलेली ठेवण मोडते. वर अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धांचा दाखला: तिथे सेमी-ऑटोमॅटिक रायफली ढिगाने गुण मिळवतात! समोर पंधरा-सोळा वर्षांची मुले माना डोलावत होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कॅम्प पेरीचे आधी उरकतो. तिथला सर्व्हिस रायफल हा गटच लष्करी धाटणीच्या रायफलींचा. त्या गटात त्या जिंकणार नाहीत तर कोण जिंकणार? शिवाय त्यांच्या गोळीवर तांब्याचे कवच असते. आपली मुले 50 मीटरवर .22 लाँग रायफल मारतात. ती गोळी उघड्या, मऊ शिशाची.

सगळे पाणी मुरते ते इथेच. मॅच रायफलीत आपण काडतूस बोटाने अलगद ठेवतो. बोल्टची मूठ खाली वळवताना शेवटच्या टप्प्यात गोळीचा पुढचा भाग नळीच्या आट्यांच्या तोंडाशी हळूच दाबला जातो. पहिली गोळी जशी बसली तशीच साठावी. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम स्प्रिंगवर सोपवलेले. ती बोल्ट धाडकन पुढे फेकते, काडतूस मॅगझिनमधून उचलले जाऊन उतारावर घासत आत शिरते, आणि ते मऊ नाक वाटेत कुठे खरचटले ते गृहस्थांनाही दिसत नाही. घट्ट चेंबरमध्ये गोळी दाबून बसवण्याइतका नेमका जोर स्प्रिंगजवळ नसतो, म्हणून चेंबर सैल ठेवतात. सैल चेंबरमध्ये काडतूस दर वेळी केसभर निराळे पडते. चेंबर घट्ट करा, की काडतूस अडकू लागते. बरे, काडतुसाचे काय? .22 ची सेमी-ऑटोमॅटिक चालते ती काडतुसाच्याच मागच्या धक्क्यावर. मॅचचे काडतूस मुद्दाम संथ, सेकंदाला सुमारे 330 मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली. तेवढ्या धक्क्यावर पुष्कळ रायफली नीट फिरत नाहीत. मग जास्त वेगाचे काडतूस घ्यायचे. ते ध्वनीच्या वेगापुढे सुटते, वाटेत त्या वेगाखाली उतरू लागते आणि उतरताना हेलकावते. दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे आहे. तिथे हेलकावे कुणाला परवडणार?

ठेवण मोडण्याविषयी एवढेच: प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरताना, डावा हात पट्ट्याने बांधलेला असतो, दस्ता खांद्यावरच राहतो, उजवा हात बोल्ट फिरवतो. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने मारताना, तर बहुतेक जण दर गोळीनंतर रायफल स्टँडवर टेकवतातच. 60 गोळ्यांना दीड तास मिळतो. चार सेकंदांत पाच गोळ्या सोडायच्या असतात त्या रॅपिड फायर पिस्तुलात. तिथे स्वयंभरण जरूर हवे. बर्फावर स्की करत धावून नेम धरणाऱ्या बायथलॉनमध्येसुद्धा बोल्ट बोटाने सरळ ओढतात.

असाच वाद वीस वर्षांपूर्वी लांब नळीवरून झाला होता. लांब नळी म्हणजे जास्त अचूकता, हे तेव्हा ठासून सांगणारे आज गप्प आहेत. .22 ची दारू साधारण 16 इंचांतच आपले काम संपवते. पुढची लांबी मुख्यतः दोन साइट्समधले अंतर वाढवायला, आणि ते काम पोकळ नळकांडेही करते. त्या सल्ल्यापायी किती पालकांचे पैसे गेले, ते मी पाहिले आहे.

मग घ्यावे काय? एकेरी काडतुसाची बोल्ट ॲक्शन, वापरलेली असली तरी चालेल. दस्ता आपल्या अंगाला बसवून घ्या, आणि उरलेले पैसे काडतुसांचे चार-पाच लॉट आपल्याच नळीतून तपासण्यावर घाला.

आणि नियम तर आहेच: 50 मीटर रायफलीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दर गोळीला हाताने भरायची एकेरी रायफलच चालते. 1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 451.4 गुणांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. त्यातले प्रत्येक काडतूस त्याने हाताने भरले होते.