तळाचा हिशेब कोणाच्या हाती?

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे सोनार, फिश फाइंडर ही नावे कोकणच्या मच्छीमारांपुरतीच आहेत, असा समज येथे रूढ आहे. तो समज सोयीचा आहे, पण कोणाच्या सोयीचा, हे तपासून पाहिले पाहिजे. माकणीचा निम्न तेरणा, परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव आणि कळंबच्या सीमेला लागून बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे बांधलेले मांजरा धरण, या जलाशयांच्या पोटात पाणी किती आणि गाळ किती, हा या भागातील लाखो माणसांच्या जगण्याचा प्रश्न आहे. आणि त्याचे खरे उत्तर नावेवरचे हेच यंत्र देऊ शकते.

‘धरणात चाळीस टक्के साठा’ असे जेव्हा जाहीर होते, तेव्हा प्रत्यक्षात कोणी पाणी मोजलेले नसते. भिंतीजवळच्या पट्टीवर पातळी वाचली जाते आणि त्या पातळीला किती साठा, हे एका तक्त्यातून काढले जाते. मांजरा धरणाची मूळ क्षमता २२४ दशलक्ष घनमीटर. त्यातील ४७ मृतसाठा. गाळ या मृतसाठ्यातच निमूटपणे जाऊन बसेल, असे धरणांच्या आराखड्यांत सामान्यतः गृहीत धरलेले असते. नदी मात्र आराखडा वाचत नाही. जलाशयात शिरताच तिचा वेग मंदावतो आणि ती वरच्या अंगालाच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या जागेतच, गाळ टाकू लागते. तळ बदलला आणि तक्ता जुनाच राहिला, तर जाहीर होणारा टक्का हा पाण्याचा नसून कागदाचा ठरतो.

हा बदललेला तळ दिसावा कसा? उपग्रहाच्या चित्रांवरून गाळाचा अंदाज काढता येतो. पण जलाशयाची पातळी ज्या नीचांकापर्यंत उतरली, त्याखालचे उपग्रहाला दिसत नाही. तेथे नावच लागते. नावेखालून ध्वनीचा ठोका सुटतो, पाण्यातून सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने तळाशी जातो आणि परततो. पंधरा मीटर खोलीवरून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. जाण्यायेण्याच्या वेळेवरून खोली, उपग्रहाच्या संकेतांवरून नावेची जागा. दोहोंची सांगड घातली की तळाचा नकाशा तयार होतो.

‘ही चित्रे तज्ज्ञांनीच वाचायची, शेतकऱ्याला त्यातले काय कळणार?’ असा युक्तिवाद येथे हटकून पुढे येतो. तो फसवा आहे. पडद्याच्या उजव्या कडेची रेघ म्हणजे नावेखालचा आत्ताचा तळ. डावीकडे सरकत जाते ते मागे पडलेले. पडद्याची लांबी म्हणजे अंतर नव्हे, वेळ. म्हणून उभ्या नावेखालचा खडबडीत तळही सपाट रेघेसारखा दिसतो. खडक असेल तर रेघ ठळक उमटते आणि कित्येकदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी प्रतिमा दिसते. मऊ गाळ असेल तर रेघ फिकी व पसरट. दोनशे किलोहर्ट्झचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर तीसच्या आसपासचा त्याच्या आत शिरतो. दोन रेघांमधले अंतर म्हणजे मऊ गाळाची जाडी. कमानीसारखी खूण बहुधा माशाची. नावेच्या दोन्ही बाजूंचे दृश्य लावले तर बुडालेल्या भिंतीची सावलीही ओळखता येते. एवढे समजायला पदवी लागत नाही. दोरीला दगड बांधून पाण्याचा ठाव घेणाऱ्या भोयाला आणि मुरूम कोठे, खडक कोठे हे पहारीच्या आवाजावरून सांगणाऱ्या विहीर खोदणाऱ्या मजुराला हे एका दिवसात समजेल.

यंत्र कोणाचाही पक्ष घेत नाही. ते ज्याच्या हाती, त्याचा पक्ष मात्र बळकट होतो. कोकण किनाऱ्यावर हे घडून गेले आहे. भांडवलाच्या जोरावर सोनार बसवलेल्या पर्ससीन नौकांना माशांचा थवा हेरणे सोपे झाले आणि पारंपरिक मच्छीमार मागे रेटला गेला. अखेर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. मराठवाड्याच्या जलाशयांवर हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. येथे तळाचे ज्ञान जनतेच्या पैशातून मिळते. पण त्यावर मालकी जनतेची असते काय?

२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व मान्य केले. घनमापनाने वाटप करायचे, तर वाटपाआधी भांड्याचेच माप नको काय? फुगलेल्या आकड्यावर कालवा सल्लागार समितीत आवर्तने ठरतात, आणि तूट उघडी पडते तेव्हा तिचा पहिला बळी कालव्याच्या शेपटाकडचा अल्पभूधारक असतो. २०१६ साली मांजरा कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो इशारा साऱ्या खोऱ्याला होता. गाळ काढण्याची योजना २०१७ पासून आहे. २०२३ पासून लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी एकरी पंधरा हजार रुपयांपर्यंत अनुदानही ठरले. शेतात गाळ पडतो हे चांगलेच. परंतु तलावाची जागा खरोखर किती मोकळी झाली, हे तळाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजणीवाचून सांगणार कोण? खेपांची बेरीज म्हणजे मोजणी नव्हे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जिल्ह्याला पाणी देणाऱ्या प्रत्येक मोठ्या व मध्यम जलाशयाचा तळ ठरावीक मुदतीने मोजला जावा. मोजणीच्या नावेत पाणी वापर संस्थांचे आणि मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे प्रतिनिधी बसावेत. नकाशे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि ग्रामसभेत वाचले जावेत. नवा तक्ता लागू होईपर्यंत जाहीर होणाऱ्या प्रत्येक टक्क्यापुढे तो कोणत्या वर्षीच्या मोजणीवरून काढला, ते वर्ष छापावे. यासाठी फार मोठा खर्च नाही. खर्च आहे तो मक्तेदारी सोडण्याचा, आणि सत्ता तो आपण होऊन कधीच करत नाही. या धरणांसाठी ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांना त्या पाण्याचा तळ पाहण्याचा पहिला हक्क आहे. तो संघटितपणे मागावा लागेल.