विमापत्रातील अपवाद

पाळीव कुत्र्याचा आरोग्यविमा म्हणजे हप्ते भरून पत्करलेला नकारच होय, कारण दावा दाखल होताच कंपनी अपवादांचे कलम पुढे करते, असा आक्षेप लखनऊमधील श्वानपालक घेतात. आजारी जनावर उशाशी कण्हत असता नामंजुरीचा कागद हाती पडावा, यातील दुःख मी जाणतो. परंतु संताप खरा असला म्हणून त्यातून काढलेले अनुमान खरे ठरत नाही.

विमा ही अनिश्चित आपत्तीची तरतूद आहे. करारापूर्वीच जडलेला आजार, प्रतीक्षाकाळात उद्भवलेली व्याधी, दरसालच्या लसी, केसांची निगा, या गोष्टी एक तर घडून गेलेल्या असतात किंवा घडणार हे ठरलेले असते. त्यांचा भार सामाईक निधीवर टाकला, तर निरोगी पिलाच्या मालकाने दुसऱ्याचा निश्चित खर्च सोसावा, असाच त्याचा अर्थ होतो. लस उपलब्ध असता ती टोचून न घेणाऱ्याचा पार्व्हो वा डिस्टेंपरचा दावा कंपनीने नाकारला, तर मला तो अन्याय वाटत नाही.

मात्र एक अपवाद फारच थोड्यांच्या ध्यानी येतो. 2022 च्या जुलैत कैसरबागेत एका पिटबुलने आपल्याच मालकाच्या वृद्ध मातेचा जीव घेतला आणि महापालिकेच्या परवान्याचा प्रश्न शहरभर गाजला. काही विमापत्रांत कुत्र्याने इतरांस केलेल्या इजेच्या भरपाईचे कलम असते खरे; पण त्यातील त्रयस्थ म्हणजे सामान्यतः घराबाहेरचा माणूस, मालकाचे कुटुंबीय त्यात मोडत नाहीत. ज्या उंबरठ्याआत ते जनावर अहोरात्र वावरते, तेथील माणसांसच ही छाया नाही, हे हप्ता घेण्यापूर्वी मालकास त्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत सांगणे हे कंपनीचे कर्तव्य होय.

म्हणून दोष अपवादाचा नव्हे, त्याच्या संदिग्धतेचा आहे, आणि संदिग्धतेवर कायद्याने उपाय ठेवला आहे. विमापत्रातील शब्द द्व्यर्थी असेल तर तो मसुदा करणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध वाचावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने चंदमल जैन यांच्या खटल्यात 1966 साली मान्य केले. मालकानेही प्रस्तावपत्र दलालाच्या हवाली करून कोऱ्या रकान्यांखाली सही ठोकू नये. जुना आजार लपविला, तर हे तत्त्व त्याच्या मदतीस येणार नाही. एवढे करूनही नकार आला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने ती फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाचे कार्यालय लखनऊतच आहे, आणि तेथे दाद मागण्यास वकील लागत नाही की शुल्कही पडत नाही.