धोका माणसे मोजून येत नाही, कायदा मात्र माणसे मोजतो

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चारही श्रम संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीबाबतची 2020 ची संहिता थेट कामगाराच्या जिवाशी संबंधित आहे. कामगाराला नियुक्तीपत्र द्यावे, ठरलेल्या वयोगटाची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करावी, सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही साधनाचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, अशा तरतुदी तिच्यात आहेत. त्यांचे स्वागतच करायला हवे. पण ही संहिता तपासताना आम्ही एक साधा प्रश्न समोर ठेवला. मुंबई-पुण्यातली ऑफिसे बंद झाल्यावर मशीन, पाइप आणि रसायनांचे कॅन घेऊन कार्पेट आणि सोफे धुवायला जाणारा, सहा-सात जणांच्या एजन्सीतला कामगार तिच्यात कुठे बसतो?

उत्तर निराश करणारे आहे. पण आधी त्याचे काम समजून घेऊ.

स्वच्छ दिसणाऱ्या कामातले धोके

गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचा मृत्यू निदान बातमी तरी होतो. कार्पेट धुणाऱ्याचे आजारपण बातमी होत नाही, कारण ते हळूहळू येते आणि कामाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

पहिला धोका रसायनांचा. डाग काढण्यासाठी आणि ड्रायक्लीनिंगसाठी जगभर वापरल्या गेलेल्या द्रावणांपैकी ट्रायक्लोरोइथिलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारे, तर परक्लोरोइथिलीनला कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले रसायन ठरवले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये दोन्हींवर बंदीचे नियम जाहीर केले. ड्रायक्लीनिंगमधला परक्लोरोइथिलीनचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवावा, असे त्यात आहे. आपल्याकडे कामगाराच्या हातात येते ती मोठ्या कॅनमधून पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतलेली दवा. तिच्यावर नाव नसते, सूचना नसते. मग हातमोजे कोणते घालायचे आणि डोळ्यात उडाले तर काय करायचे, हे त्याने कुठून शोधावे?

बऱ्याचदा तोच कामगार शौचालयही साफ करतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. ऑफिसच्या काचा न उघडणाऱ्या असतात आणि रात्री एसी बंद केलेला असतो. अशा खोलीत वायू जायला वाट नसते.

रोजच्या सौम्य वाटणाऱ्या रसायनांचाही हिशेब लागतो. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक लोकांच्या फुप्फुसांची नोंद सुमारे वीस वर्षे ठेवली होती. सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा वेगाने घटल्याचे त्यात आढळले.

दुसरा धोका विजेचा. कार्पेटचे मशीन पाणी फवारते आणि ओढून घेते. कामगार ओल्या कार्पेटवर उभा असतो, वायर त्याच ओलीतून गेलेली असते आणि पुढे एक्स्टेन्शन बोर्ड असतो. वायरचे आवरण कुठे फाटले असेल आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवलेले नसेल, तर एक चूक पुरते. तिसरा धोका शरीराच्या झिजेचा. तासन् तास गुडघ्यांवर बसून कोपरे घासणे, मशीन जिन्याने चढवणे, पाणी प्यालेला जड गालिचा उचलणे. चाळिशीच्या आत गुडघे आणि कंबर गेली, तर त्याला अपघात कोण म्हणणार?

आकड्यांची चाळण

आता कायद्याकडे वळू. या संहितेचा आधार कामगारांची संख्या आहे. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ती लागू होते. सहा-सात जणांची एजन्सी तिथेच बाहेर पडते. कंत्राटी कामगारांबाबतची मर्यादा 1970 च्या कायद्यात 20 होती, ती आता 50 झाली. महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा दहा कामगारांपासून लागू होत होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय घेतला. राज्य विमा योजनेचीही सर्वसाधारण अट दहा कामगारांचीच आहे. प्रत्येक चाळणीतून खाली पडणारा माणूस एकच आहे.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. संहितेने मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई केली आहे. पण मुख्य कामात काय धरायचे नाही, याची यादी देताना झाडणे, साफ करणे, धूळ पुसणे आणि कचरा उचलणे ही कामे तिच्यात स्पष्टपणे घातली आहेत. सफाई हाच ज्या आस्थापनेचा धंदा आहे, तेवढीच सुटते. जे हॉटेल किंवा रुग्णालय सफाईशिवाय एक दिवस चालू शकत नाही, तिथेही सफाई हे दुय्यम, ठेक्याने द्यायचे काम ठरते. ही कामे पिढ्यान् पिढ्या कोणाच्या वाट्याला आली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गणवेश आणि मशीन नवे आले, कामाची पायरी तीच राहिली.

1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. काम कसे होते ते पाहावे आणि मग नियम करावा, ही ती रीत होती. आज आस्थापनेतली डोकी मोजली जातात, काम पाहिले जात नाही.

छोट्या मालकाचे काय?

छोट्या एजन्सीवर नियमांचा बोजा टाकला तर ती बंद पडेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो हसण्यावारी नेता येणार नाही. काल दुसऱ्याकडे मशीन चालवणारा आणि आज दोन मशीन घेऊन स्वतःची एजन्सी काढणारा तरुण आपल्यातलाच असतो. पण त्याची खरी अडचण पाहा. कार्पेटचा दर चौरस फुटावर आणि सोफ्याचा सीटवर ठरतो. जो हातमोजे, चष्मे, चांगल्या वायरी आणि प्रशिक्षण यांवर खर्च करतो, त्याचा दर वाढतो आणि काम दुसऱ्याला जाते. म्हणजे आजची व्यवस्था प्रामाणिक मालकालाच शिक्षा करते. नियम सर्वांना सारखा असेल, तर हा खर्च दरात धरला जाईल आणि ज्याचे कार्पेट आहे, तो ग्राहक तो देईल. तसा देणेच न्याय्य आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, धोकादायक काम चालणाऱ्या आस्थापनांसाठी कामगारसंख्येची अट काढून टाकण्याचा अधिकार याच संहितेने केंद्र सरकारला दिला आहे. रसायनांनी होणारी व्यावसायिक सफाई त्या अधिसूचनेत घ्यावी. दुसरी, राज्याने माथाडी कायद्याचा धडा वापरावा. 1969 च्या त्या कायद्याने कायम मालक नसलेल्या हमालांची नोंदणी मंडळाकडे केली आणि मालकांना मजुरीसोबत लेव्हीही मंडळाकडे भरायला लावली. आज या दारी, उद्या त्या दारी जाणाऱ्या सफाई कामगारासाठी असेच मंडळ हवे. तिसरी, सरकारी कार्यालये आणि महापालिका यांनी सफाईच्या निविदेत सुरक्षा साधने, रसायनांची नावे आणि विमा यांच्या अटी घालाव्यात. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

तोवर कामगारांनीही काही गोष्टींचा आग्रह धरावा. नाव नसलेली बाटली वापरू नये. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. ओल्या जागेत फाटकी वायर लावायला नकार द्यावा. दहा किंवा अधिक कामगार असतील, तर आपल्या आरोग्याविषयीची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क संहितेने दिला आहे, तो लेखी वापरावा.

आणि आपल्यातले जे मालक झाले आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे. कायदा तुमच्या एजन्सीत सातच माणसे मोजून परत जाईल. त्या सातांची फुप्फुसे आणि गुडघे यांची जबाबदारी मात्र तुमचीच राहील.