चूक मशीनची, प्रतिज्ञापत्र मात्र आपलं

तुमच्या ओळखीत १ जूनला वाढदिवस असलेले किती जण आहेत, मोजा जरा. पन्नाशी ओलांडलेल्यांत तर घरटी एखादा निघेल. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराचं वय सहा भरलेलं लागायचं, आईबापाला तारीख माहीत नसायची, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. त्यावर आपण हसतो, फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छांचा पाऊस पाडतो. पण गुरुजींनी टाकलेली ती तारीख निदान कायम राहिली. दाखल्यावर, नोकरीत, रेशनकार्डावर तीच. आता जे चाललंय ते वेगळं आहे. तीच तारीख एका खात्याच्या कॉम्प्युटरमधून दुसऱ्या खात्याच्या कॉम्प्युटरमध्ये जाताना बदलते, आणि कोणी बदलली हे कुणालाच सांगता येत नाही.

मी गेली अनेक वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतो. डेटाबेसमध्ये तारीख साठवणं हे त्यातलं अगदी प्राथमिक काम. म्हणूनच त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आज ६५ वर्षं पूर्ण झाली की एसटीचं अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत प्रवास, श्रावणबाळ योजनेसाठी ६५, लाडकी बहीण २१ ते ६५. म्हणजे सरकार आपल्याशी जन्मतारखेच्या भाषेत बोलतं. ती तारीख चुकली की माणूस पात्र असून अपात्र ठरतो.

ही तारीख बदलते कशी, ते सोप्या भाषेत सांगतो.

पहिला प्रकार, तारीख साधा मजकूर म्हणून साठवणं. डेटाबेसमध्ये तारखेसाठी वेगळा, खास प्रकार असतो. तो वापरला तर ३१ फेब्रुवारी आत शिरूच शकत नाही. पण घाईत असलेला माणूस सरळ टेक्स्टचा रकाना करतो. मग त्यात ‘०१/०६/१९६२’ असं लिहिलेलं असतं. आपण ते १ जून वाचतो. अमेरिकी पद्धतीने लावलेलं सॉफ्टवेअर आधी महिना वाचतं, त्याच्या लेखी ती ६ जानेवारी. गंमत बघा, १३ जूनला जन्मलेला माणूस वाचतो, कारण १३ नावाचा महिनाच नाही, सॉफ्टवेअर अडतं, चूक उघडी पडते. तारीख १२ किंवा त्याच्या आतली असली आणि महिन्याचा आकडा वेगळा असला की मात्र कुठेही आवाज न होता अदलाबदल होते. वर्षातल्या अशा तारखा १३२ भरतात. आणि आपला लाडका १ जून त्यातच येतो.

दुसरा प्रकार, तारखेला वेळ चिकटवणं. जन्मतारीख म्हणजे नुसता दिवस. पण अनेक प्रोग्राम त्याला ‘रात्रीचे १२’ अशी वेळ जोडतात आणि साठवताना जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदलतात. भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे १ जूनची रात्रीचे १२ ही वेळ तिकडे ३१ मेची संध्याकाळी साडेसहा. पुढच्या प्रोग्रामने वेळ छाटून नुसती तारीख ठेवली की झालं, माणूस एक दिवस आधी जन्मला.

तिसरा प्रकार, माहीत नसलेली तारीख. रकाना रिकामा ठेवायची सोय नसते, मग ऑपरेटर १ जानेवारी टाकतो, किंवा सॉफ्टवेअर रिकाम्या जागी शून्य धरतं. अनेक कॉम्प्युटरांची वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजली जाते, त्यामुळे शून्याचा अर्थ तीच तारीख होतो. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधल्या टाइमस्टँप या प्रकारात तर १९७० च्या आधीची तारीख बसतच नाही. तो प्रकार जन्मतारखेला वापरला की आजची सगळी ज्येष्ठ मंडळी हिशोबाबाहेर.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं प्रकरण मी स्वतः पाहिलंय. कारखान्यातून निवृत्त झाले. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जून, बँकेत १ जून. एका कार्यालयाच्या सिस्टिममध्ये ३१ मे. पेन्शनचा अर्ज परत, कारण ‘जन्मतारीख जुळत नाही’. काकांनी आयुष्यात कुणालाही ३१ मे सांगितलेली नाही. कुठल्याही कागदावर ती नाही. बरोबर एक दिवस मागे म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाच्या लगेच लक्षात येतं की हे वेळेच्या फरकाचं काम असावं. पण खिडकीवरचा साहेब काय म्हणाला? “प्रतिज्ञापत्र करून आणा, की माझी जन्मतारीख चुकीची नोंदवली गेली होती.” म्हणजे स्टँप पेपरचा खर्च काकांचा, हेलपाटे काकांचे आणि शपथसुद्धा काकांनीच घ्यायची. बरं, त्याच दिवशी त्याच फाइलमधून ज्यांची माहिती गेली असेल, त्या सगळ्यांच्या तारखा एक दिवस मागे गेलेल्या असणार. ते सगळे एकेक करून रांगेत उभे राहणार.

मला खरा राग याचा आहे. चूक होते, सॉफ्टवेअर माणसंच लिहितात. पण चूक सिस्टिमची आणि ती सिद्ध करायची जबाबदारी नागरिकाची, हे कुठलं न्यायाचं गणित?

यावर एक मुद्दा हमखास मांडला जातो, आणि तो खोटा नाही. लोक जन्मतारखा मुद्दाम बदलून घेतात. नोकरी दोन वर्षं वाढावी म्हणून, खेळाच्या वयोगटात बसावं म्हणून, योजनेसाठी. म्हणूनच सरकारी नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज करा, असा नियम आहे. आधारमध्येही जन्मतारीख पुन्हा पुन्हा बदलता येत नाही. ही बंधनं हवीतच. पण बंधन कुणावर आणि कशासाठी, हे बघा. माणसाने मागितलेला बदल आणि मशीनने केलेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी जुनी नोंद शिल्लक राहायला हवी.

इथे आपले जुने लोक जास्त शहाणे होते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा उघडून बघा. कलम १५ सांगतं की नोंदीत चूक असेल तर मूळ नोंदीला हात लावायचा नाही. समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. म्हणजे आधी काय होतं, काय केलं, कुणी केलं, कधी केलं, सगळं एका पानावर. डेटाबेसमध्ये मात्र साधा अपडेट मारला की जुनी तारीख पुसली जाते आणि नवी बसते. इतिहास ठेवायची सोय मुद्दाम केली नसेल तर रोजच्या नोंदीत मागे काहीच उरत नाही. कागदाच्या रजिस्टरला असलेला समास आपण कॉम्प्युटरवर जाताना हरवून बसलो.

आणि हा प्रश्न कोर्टापर्यंत पोचलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. त्याच वर्षी जानेवारीत भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढलं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मदाखलाच पुरावा. मूळ कागदाचं मोल पुन्हा मान्य होतंय, हे चांगलं आहे. पण १ जूनवाल्या पिढीकडे जन्मदाखला असतोच कुठे?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. यातल्या एकीलाही कोट्यवधींचं टेंडर लागत नाही.

१. सरकारी फॉर्मवर महिना अक्षरात दाखवा. ‘०१ जून १९६२’ लिहिलं की गोंधळ संपला. आत साठवताना तारखेचाच प्रकार वापरा, वेळ जोडू नका. खात्याखात्यांत देवाणघेवाण करताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा. त्यासाठी आयएसओ ८६०१ हे जागतिक मानक कधीपासून तयार आहे.

२. तारीख अंदाजे असेल तर तसं नोंदवा. आधारमध्ये तारीख पडताळलेली, सांगितलेली की अंदाजे, अशी वर्गवारी आहे. मग बाकीच्या खात्यांना काय अडचण आहे?

३. प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवा आणि तो नागरिकाला बघता येऊ द्या.

४. नागरिकाने न मागता तारीख बदललेली दिसली तर दुरुस्ती खात्याने स्वतःहून, फुकट करावी. आणि एकाची सापडली की त्या फाइलमधल्या सगळ्यांची तपासावी.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. घरातल्या ज्येष्ठांचं आधार, बँक, पेन्शन, शाळेचा दाखला एकदा शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळतात का बघा. जन्मदाखला नसेल तर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल मिळते का विचारा. कुठे दिवस-महिना उलटा झालेला किंवा बरोबर एक दिवस मागे गेलेला दिसला, तर गुमान प्रतिज्ञापत्र करू नका. आधी लेखी अर्ज द्या, ‘ही तारीख कोणत्या कागदावरून, कोणत्या दिवशी नोंदवली?’ असं विचारा आणि पोच घ्या. माहिती अधिकारातही हा प्रश्न विचारता येतो. उत्तर आलं तर चूक कुणाची ते कळेल. नाही आलं, तर पुढच्या अपिलासाठी तुमच्या हातात ती पोच असेल.