फेब्रुवारीत आलेलं पाकीट

अमेरिकेत निवडणूक म्हटलं की तुम्हाला नोव्हेंबर आठवतो. पण सिएटल शहरात कधीकधी फेब्रुवारीतही मतपत्रिकेचं पाकीट टपालाने घरी येतं. ही असते विशेष निवडणूक. तिच्यात एकही उमेदवार नसला तरी चालतं. लोकांना फक्त एक प्रश्न विचारलेला असतो.

11 फेब्रुवारी 2025 चं उदाहरण घ्या. लोकांना परवडतील अशी घरं उभारायला शहराने पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होता. नागरिकांनी हजारो सह्या गोळा करून एक प्रस्ताव मांडला. एखाद्या कर्मचाऱ्याला वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त पगार असेल, तर वरच्या रकमेवर कंपनीने 5 टक्के कर भरावा. सिटी कौन्सिलने, म्हणजे नगर परिषदेने, त्याच्यासमोर आपला प्रस्ताव ठेवला: नवा कर नको, आधीच्या करातूनच काही पैसे द्या. लोकांनी नागरिकांचा प्रस्ताव निवडला.

हे मतदान नोव्हेंबर 2024 मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर व्हावं, असं सह्या गोळा करणाऱ्यांना वाटत होतं. कौन्सिलने ते फेब्रुवारीवर नेलं. तारीख बदलली की मत देणारेही बदलतात. फेब्रुवारीत साधारण तीनपैकी एकाच मतदाराने मत दिलं.

काही जण म्हणतात, नोव्हेंबरच्या लांबलचक मतपत्रिकेत असा प्रश्न हरवून जातो. एकच प्रश्न असला की लोक नीट विचार करतात. हा मुद्दा खोटा नाही. पण विचार करणारे इतके थोडे असतील, तर तो निर्णय अख्ख्या शहराचा कसा म्हणायचा? मला वाटतं, अगदीच घाई नसेल तर असे प्रश्न नोव्हेंबरमध्येच विचारावेत.

एकाच प्रश्नावरचं असं मतदान महाराष्ट्रातही होतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, हा तो प्रश्न. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. आडवी म्हणजे दुकान बंद. महिलांचं मतदान असेल, तर यादीतल्या सगळ्या महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणून घरी बसलेल्या प्रत्येक बाईला बाहेर काढावंच लागतं. सिएटलच्या त्या मतदानात अशी अट नव्हती. जे घरी बसले, त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

मी इथे नोकरीच्या व्हिसावर आहे. कर भरतो, पण मत देऊ शकत नाही. तुमच्यापैकी जे अमेरिकेत जन्मले, त्यांना अठराव्या वर्षी हा हक्क मिळेल. तोपर्यंत एक काम करा. घरी असं पाकीट आलं, तर मतदारांसाठीची माहितीपुस्तिका आईबाबांबरोबर वाचा. तिच्यात दोन्ही बाजू छापलेल्या असतात. मग जेवताना खुशाल वाद घाला, पण मराठीत! आणि पाकिटावर सही करायची त्यांना आठवण करा. सही राहिली, तर मत अडकतं.