मॅगझिन पिठ्ठूत ठेवत नाहीत

सुट्टीवर गावी गेलो की भाचे, चुलतभाऊ आणि आता पेन्शनवर आलेले जुने सोबतीही एकच प्रश्न विचारतात. "कॅमेरा घेतलाय, आता बॅग कुठली घेऊ?" दुकानदाराने त्यांना उत्तर आधीच दिलेलं असतं: मोठी घ्या, पुढे लेन्स वाढतील. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तशी ही वाढत्या हौसेची बॅग. पाठीवरची, चार चेनची, आत वीस कप्पे, वर पावसाचं कव्हर, खाली ट्रायपॉडचे पट्टे.

माझं म्हणणं सरळ आहे. ही बॅग घेऊ नका. घेतली असेल तर प्रवासात सामान न्यायला वापरा, फोटो काढायला नको. फोटो काढायला खांद्याला अडकवायची छोटी, साधी पिशवी हवी, आणि ती रिकामी वाटेल इतकी कमी भरलेली हवी. हे मी झाशीत शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. म्हणून जरा तावातावाने लिहितोय.

झाशीला पोस्टिंग आली तेव्हा मीही तशीच मोठी बॅग घेऊन आलो होतो. कॅमेरा साधा, निकॉन डी५६००. त्याच्याबरोबर १८-५५ ची लेन्स, ३५ ची एक आणि लांबची ७०-३०० ची. शिवाय ट्रायपॉड, फ्लॅश, चार्जर, रेनकोट, पाण्याची बाटली, आणि "असू दे, लागलं तर" म्हणून कोंबलेलं बरंच काही. एकदा लंगरच्या तराजूवर ती बॅग ठेवली. सात किलो दोनशे ग्रॅम! आमची इन्सास रायफल रिकामी चार किलोच्या आसपास भरते. म्हणजे रविवारी किल्ला बघायला जाताना मी ड्युटीपेक्षा जास्त वजन उचलत होतो. त्यातलं दीड किलोहून जास्त वजन तर नुसत्या बॅगेचं होतं.

तरी मला त्यात काही चूक दिसली नाही. उलट अभिमान वाटायचा. फौजी माणूस, ओझ्याला घाबरतो काय?

आता त्या दिवसाबद्दल. रंगरूट असताना ज्यांनी मला शिकवलं, ते उस्ताद झाशीत आमच्याच युनिटमध्ये होते. हवालदार, सातारा जिल्ह्यातले. चोवीस वर्षांची नोकरी संपवून ते पेन्शनवर निघाले. आदल्या रात्री बराकीत येऊन म्हणाले, "उद्या स्टेशनवर तुझा तो मोठा कॅमेरा आण. तुझ्या वहिनीचा आणि माझा एक चांगला फोटो काढ. घरात लावायला वर्दीतला जोडीचा फोटोच नाही बघ एकही."

मी म्हणालो, "हा काय सांगायचा विषय झाला, उस्ताद?"

झेलम एक्सप्रेस पुण्याकडच्या प्रत्येक फौजीला ठाऊक आहे. जम्मूहून येते, झाशीवरून पुण्याला जाते. प्लॅटफॉर्मवर हार, गुलाल, ढोलक, निम्मी कंपनी. उस्तादांच्या गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना. गाडी लागली, ट्रंका आणि बिस्तरबंद चढले आणि उस्ताद डब्याच्या दारापाशी वहिनींना शेजारी उभं करून माझ्याकडे बघायला लागले.

माझी बॅग पाठीवर. ती उतरवून खाली ठेवली, गर्दीत कुणाचा तरी पाय तिच्यावर पडला. वरची चेन उघडली तर रेनकोट. दुसरी उघडली, कॅमेरा मिळाला, पण त्याला ७०-३०० लावलेली. आधीच्या रविवारी ओरछ्याच्या छत्र्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांचे फोटो काढले होते, ती तशीच राहिलेली. चार फुटांवर उभ्या असलेल्या माणसांना त्या लेन्सने काय करणार? नाक आणि हार. छोटी लेन्स तळाच्या कप्प्यात, फ्लॅशखाली. ती काढून, झाकण उघडून, जुनी उतरवून नवी बसवेपर्यंत गार्डाची शिट्टी झाली. मागून कुणीतरी उस्तादांना आत ओढलं, वहिनी आधीच आत गेल्या होत्या. माझ्याकडे त्या दिवसाचा एकच फोटो आहे. चालत्या डब्याच्या दारातून बाहेर आलेला एक हात.

मोबाइलवर इतरांनी काढलेले फोटो आहेत, पण प्रत्येकात कुणाचा तरी दंड उस्तादांच्या तोंडावर. उस्ताद दर दिवाळीला फोन करतात. फोटोचं कधी विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री बॅग रिकामी करताना जे लक्षात आलं, ते प्रत्येक शिपायाला पहिल्या वर्षी शिकवतात. पिठ्ठू वेगळा, पाउच वेगळे. मुक्कामाला पोचल्यावर जे लागेल ते पिठ्ठूत: कांबळं, कपडे, मेस टिन. गोळी चालली की क्षणात जे लागेल ते अंगावरच्या पाउचमध्ये, ठरल्या जागी, अंधारात हात जाईल असं. मॅगझिन पिठ्ठूत कुणी ठेवत नाही. ठेवलं तर उस्ताद काय करतील हे माजी सैनिकांना सांगायला नको. आणि त्याच उस्तादांचा मी चेला, माझं मॅगझिन पिठ्ठूच्या तळाशी, रेनकोटखाली!

पाठीवरची कॅमेरा बॅग म्हणजे पिठ्ठू. खांद्याची पिशवी म्हणजे पाउच. दुकानं पिठ्ठू विकतात आणि त्याला पाउच म्हणतात, भांडण एवढंच आहे.

यावर लोक म्हणतात, एका खांद्यावर वजन पडतं, पाठ दुखते, दोन्ही खांद्यांवर वाटलेलं बरं. मान्य. पण पाठ दुखते ती पिशवीने नाही, पिशवीत भरलेल्या शंकांनी. लांबची लेन्स लागली तर? अंधार पडला तर? बॅटरी संपली तर? प्रत्येक "तर" चं वजन असतं. तीन किलोंच्या वर सामान न्यायचंच असेल, दिवसभर डोंगर चढायचा असेल, तर खुशाल पाठीवर घ्या. मग एवढंच समजून घ्या की तुम्ही सामान वाहताय. फोटोसाठी कॅमेरा तेव्हाही बाहेर, गळ्यात हवा.

दुसरे म्हणतात, चांगल्या कामाला भरपूर सामान लागतंच. लाला दीनदयाळांचं उदाहरण देतात. त्यांनी १८८० च्या दशकात याच मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले ते मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वागवत. खरं आहे. पण त्या काचांशिवाय फोटोच निघत नव्हता. त्यांचं ओझं गरजेचं होतं. आपलं ओझं आपल्याला काय काढायचंय ते ठरवता न आल्याचं आहे.

आणि झाशीचंच उदाहरण हवं असेल तर मराठी माणसाने वरसईचे विष्णुभट गोडसे आठवावेत. पेणजवळच्या गावातला हा भिक्षुक चार पैसे मिळतील म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत सापडला. कमावलेलं लुटीत गेलं. घरी आला तो गंगेची कावड घेऊन आणि डोळ्यांनी पाहिलेली झाशी घेऊन. पुढे लिहून काढलेला तो 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला. झाशीच्या वेढ्याचं मराठीत इतकं जवळून दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. त्या माणसाकडे बॅग नव्हती. लक्ष होतं.

बरं, पिशवी घ्यायची तर कशी? मी झाशीच्या सदर बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतली. जाड कॅनव्हास, मातकट रंग, लांबी अठ्ठावीस सेंटिमीटर, उंची वीस, रुंदी बारा. आत जुन्या व्यायामाच्या मॅटचे तुकडे कापून दोन आडवे पडदे. पट्टा पाच सेंटिमीटर रुंद, कारण अरुंद पट्टा खांद्यात रुततो. पट्टा मानेवरून आडवा घालायचा, म्हणजे धावताना पिशवी उडत नाही आणि गर्दीत कुणी ओढून नेत नाही. लांबी अशी की पिशवी कमरेच्या हाडाच्या किंचित वर बसेल. मांडीवर आपटणारी पिशवी दोन तासांत शत्रू होते.

झाकण बाहेरच्या बाजूला पडणारं हवं, अंगाकडून हात सरळ आत जाईल असं. अंगाच्या बाजूने उघडणारं झाकण प्रत्येक वेळी हाताला आडवं येतं. वेल्क्रो नको. शांत देवळात ते फाडल्यासारखं वाजतं आणि ज्याचा फोटो काढायचा तो दचकून बघतो. आणि त्यावर 'कॅमेरा' ओरडणारं कंपनीचं नाव नको. झोपलेल्या डब्यात चोराला तेवढीच खूण पुरते.

एक विनंती विशेषतः सिव्हिलमधल्या तरुणांना: चट्टेरी पट्टेरी, फौजी दिसणारी बॅग नको. तो रंग लपण्यासाठी केलाय, मिरवायला नाही. छावणी असलेल्या शहरात अशी बॅग आणि त्यातून डोकावणारी लांब लेन्स घेऊन फिराल तर तुमची चौकशी होईल, आणि व्हायलाच हवी. आमच्यासाठी तर नियम साधा आहे. छावणीच्या गेटाच्या आत पिशवी बंद. बाहेर किल्ला, राणी महाल, बेतवा, सगळं पडलंय.

आता भरायचं काय? कॅमेऱ्याला १८-५५ कायम लावलेली, तोंड खाली, मूठ वर, म्हणजे हात घातला की थेट पकड मिळते. शेजारी ३५ ची, अंधारासाठी. एक जादा बॅटरी, दोन कार्ड, धूळ उडवायचा रबरी फुगा, एक मऊ कापड, एक प्लास्टिकची पिशवी, छोटी वही आणि पेन. वही यासाठी की ज्याचा फोटो काढला त्याचा पत्ता लिहून घेता यावा आणि फोटो पाठवता यावा. पाण्याची बाटली कधीही आत नाही. कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून नऊशे ग्रॅमच्या आत, सगळं धरून दोन किलोंच्या आत. गिधाडं बघायला जायचं असेल तर ७०-३०० आत येते आणि ३५ घरी राहते. एक आत आलं की एक बाहेर. ट्रायपॉड घरीच. किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात त्याला तशीही परवानगी काढावी लागते.

झाशीच्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, लू चालू, बबिन्याकडून आलेली बारीक धूळ पापणीवर बसते. अशा वाऱ्यात लेन्स बदलायची म्हणजे आत धूळ पेरायची. म्हणून सकाळी निघतानाच ठरवायचं की आज काय काढायचं. पावसाळ्यात एसी डब्यातून दमट प्लॅटफॉर्मवर उतरलात तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, काचेवर बाष्प धरतं. उतरण्याआधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, बाहेरच्या हवेशी जुळू द्या. आणि घरी आल्यावर कॅमेरा त्या पिशवीतच ठेवून विसरू नका. फोममध्ये ओल राहते, लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस्स.

शेवटचं, आणि हे मी सगळ्यात आग्रहाने सांगतो. पिशवी भरून झाली की किट मुआयना करा. डोळे मिटा, हात घाला, कॅमेरा काढा, चालू करा. पाच सेकंदांच्या वर लागले तर पिशवीतली एक वस्तू काढून टाका आणि पुन्हा करा. रायफल खोलून जोडायला आपण घड्याळ लावतो, इथे का नाही?

मोठी बॅग मी विकली नाही. तिच्यात सध्या माझे हिवाळी कपडे आहेत, त्या कामाला ती उत्तम आहे. पुढच्या सुट्टीत झेलमने पुण्याला उतरून आधी साताऱ्याकडे जाणार आहे, मग घरी. उस्तादांना फोनवर सांगितलंय, मेडल लावून तयार राहा आणि वहिनींनाही सांगा. ते म्हणाले, "वर्दी आता अंगाला होत नाही रे."

मी म्हणालो, कोट घाला. मी पाच सेकंदांत काढतो.